कानांनी पाहणं म्हणजे नेमकं काय?

१७९३ साल. इटलीतल्या पाव्हिया शहरात लाझारो स्पालानझानी नावाचा एक प्राध्यापक राहत होता. पेशाने पाद्री, पण जीव सगळा प्रयोगांत. एकदा शंका डोक्यात शिरली की तिची तड लागेपर्यंत याला चैन पडत नसे. अन्न पोटात कसं पचतं हे कळावं म्हणून त्याने कापडी पिशव्यांत अन्न भरून त्या पिशव्या स्वतःच गिळल्या होत्या, यावरून माणसाचा अंदाज यावा. या स्पालानझानीकडे एक घुबड होतं. खोलीत मेणबत्ती तेवत असली की ते व्यवस्थित उडायचं आणि ती विझली की भिंतीवर धडकायचं. घुबड झालं तरी त्याला थोडाफार उजेड लागतोच. मिट्ट काळोखात ते एवढाले डोळेही कुचकामी.

मग त्याने वटवाघूळ सोडून पाहिलं आणि मेणबत्ती विझवली. वटवाघूळ उडतच राहिलं. ना भिंतीला लागलं, ना सामानाला.

'त्याला अंधारात दिसत असेल' असं म्हणून आपल्यापैकी बहुतेक जण कूस बदलून झोपले असते. स्पालानझानीने आधी वटवाघळांची डोकी झाकली, मग डोळे बंद केले आणि शेवटी त्यांना चक्क आंधळं केलं. आज हे वाचवत नाही, पण त्या काळी प्राण्याच्या वेदनेचा हिशेब प्रयोगाच्या वहीत कुणी लिहीत नसे. आंधळी झालेली वटवाघळं छतापासून लोंबत सोडलेल्या धाग्यांमधून सफाईने वाट काढत गेली. तेवढ्यानेही त्याचं समाधान झालं नाही. त्याने तिथल्या कॅथेड्रलच्या घंटाघरातून वटवाघळं पकडली, आंधळी करून सोडून दिली आणि काही दिवसांनी भल्या पहाटे पुन्हा मनोऱ्यावर चढून त्यातली काही परत धरली. पोटं फाडून पाहिलं तर ती कीटकांनी गच्च भरलेली, डोळस वटवाघळांइतकीच. म्हणजे डोळे नसताना ती नुसती उडत नव्हती, हवेतल्या हवेत शिकारही करत होती.

मग काम कोणतं इंद्रिय करतंय?

स्पालानझानी एकेक शक्यता खोडत गेला. स्पर्श असेल म्हणून अंगाला रोगण फासून पाहिलं. फरक पडला नाही. वास, चव यांचाही निकाल लावला. इतक्यात जिनिव्हाच्या लुई जुरीन या शल्यविशारदाकडून बातमी आली: वटवाघळाचे कान मेणाने बुजवले की ते आंधळ्यासारखं धडकत सुटतं. स्पालानझानीचा आधी विश्वास बसला नाही. त्याने तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यात एक भर घातली. मला विचाराल तर या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट तीच. त्याला शंका आली की कानात काही खुपसल्यामुळेच वटवाघूळ बिथरत नसेल कशावरून? म्हणून त्याने वटवाघळाच्या कानात बसतील अशा पितळेच्या इवल्याशा नळ्या करून घेतल्या. नळ्या उघड्या असताना वटवाघूळ नीट उडालं. त्याच नळ्यांची तोंडं बुजवल्यावर धडकू लागलं. कानातलं ओझं तेच, टोचणं तेच. बदललं एवढंच की आवाज आत जायची वाट बंद झाली.

म्हणजे १७९४ सालीच उत्तर हाती आलं होतं. वटवाघूळ कानांनी वाट शोधतं.

घोडं अडलं ते एकाच जागी. खोलीत आवाजच नव्हता! वटवाघूळ डोक्यावरून गेलं तरी पंखांच्या हलक्या फडफडीपलीकडे काही ऐकू येत नसे. जो आवाज नाहीच, तो ऐकून वाट कशी सापडणार? स्पालानझानी हे कोडं घेऊनच १७९९ मध्ये गेला. तोवर फ्रान्सच्या जॉर्ज कुव्हिए या बड्या शरीररचनातज्ज्ञाने निवाडा देऊन टाकला होता: हे काम पंखांच्या स्पर्शाचं. पंखाचं पटल पातळ, मज्जातंतूंनी भरलेलं. जवळच्या वस्तूमुळे हवेत होणारा फरक त्याला जाणवत असणार. कुव्हिएने स्वतः एकही प्रयोग केला नव्हता, आणि रोगणाच्या प्रयोगाने ही शक्यता आधीच बाद झाली होती. पण कुव्हिएचा शब्द मोठा होता आणि त्याचं म्हणणं पटण्याजोगं होतं. कानांनी पाहण्याच्या कल्पनेची तर थट्टाच झाली. पुढची शंभराहून जास्त वर्षं पुस्तकांत स्पर्शच राहिला.

कुव्हिएला अगदीच मोडीत काढू नये. वटवाघळाच्या पंखांवर अतिसूक्ष्म केस असतात आणि त्यांना हवेचा प्रवाह कळतो, हे आता माहीत आहे. उडताना तोल सांभाळायला त्याची मदत होते. वाट शोधायला मात्र नाही.

आता त्या न ऐकू येणाऱ्या आवाजाकडे वळू.

आवाज म्हणजे हवेची थरथर. सेकंदाला किती वेळा थरथर होते, ती त्याची वारंवारता, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. आपल्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ इतकंच ऐकू येतं, आणि वय वाढेल तशी वरची मर्यादा खाली येत जाते. त्यापलीकडच्या आवाजाला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. दवाखान्यातल्या सोनोग्राफीत असतो तो याच जातीचा. बहुतेक वटवाघळं २०,००० ते १,००,००० हर्ट्झच्या टापूत ओरडतात. ओरडतात हा शब्द मुद्दाम वापरला. काही जातींचा आवाज तोंडापासून वीतभर अंतरावर मोजला तर ११० डेसिबलच्या वर जातो. उन्हाळ्याच्या रात्री ज्या आकाशाला आपण शांत म्हणतो, तिथे खरं तर कानठळ्या बसवणारा कोलाहल चाललेला असतो. तो आपल्या कानांच्या पट्टीत बसत नाही, इतकंच.

इतका उंच आवाज कशाला? याचं कारण आकाराशी निगडित आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट म्हणून एक मीटर लांब होते. अशी लाट डासावर आदळली तर डासाला वळसा घालून सरळ पुढे निघून जाते, जशी समुद्राची लाट पाण्यात उभ्या असलेल्या काठीची पर्वा करत नाही. प्रतिध्वनी हवा तर लाट भक्ष्याच्या मापाची हवी. ५०,००० हर्ट्झला लाटेची लांबी होते ६.८ मिलिमीटर, १,००,००० हर्ट्झला ३.४ मिलिमीटर. आता डासावरूनसुद्धा काहीतरी परत येईल. पण याची किंमत मोजावी लागते: उंच आवाज हवेत लवकर विरतो. शिवाय आवाज जाताना पसरतो आणि प्रतिध्वनी येताना पुन्हा पसरतो, त्यामुळे छोट्या कीटकाचं अंतर दुप्पट झालं की परत येणारा आवाज सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून एवढा आरडाओरडा करूनही वटवाघळाला लहानसा कीटक कळतो तो जेमतेम काही मीटरांवरून. वटवाघळाचं हे 'पाहणं' म्हणजे काळोखात छोटी विजेरी घेऊन चालण्यासारखं आहे. दूरचं क्षितिज त्यात नाही.

न ऐकू येणाऱ्या आवाजाकडे माणूस वळला, त्याला निमित्त झालं एका बुडालेल्या जहाजाचं. १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडालं आणि जहाजांना काळोखात हिमनग कसा कळावा याचा विचार जोरात सुरू झाला. मशीनगनचा शोध लावणारा हायरम मॅक्सिम म्हणाला, वटवाघूळ करतं तसं करा: आवाज सोडा आणि प्रतिध्वनी ऐका. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. फक्त वटवाघळाचा आवाज पंखांच्या फडफडीचा आणि इतका खालचा असतो की आपल्याला ऐकू येत नाही, असं त्याला वाटलं. म्हणजे पट्टी धरली, पण उलट्या टोकाने. त्याच वर्षी लुईस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखण्याच्या युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लांजव्हँने क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडून दाखवला. सोनारची सुरुवात ती. आणि १९२० मध्ये हॅमिल्टन हार्ट्रिज या इंग्रज शरीरक्रियातज्ज्ञाने दोन आणि दोन चार केले: वटवाघळंही असाच उंच आवाज काढत असावीत. कल्पना छापून आली, पण ती तपासण्याचं साधन त्याच्याकडे नव्हतं.

साधन होतं ते अमेरिकेतल्या हार्वर्डला, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक जॉर्ज वॉशिंग्टन पिअर्स यांच्या प्रयोगशाळेत. श्राव्यातीत ध्वनी पकडून तो माणसाला ऐकू येईल इतका खाली उतरवणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. १९३८ च्या सुमारास डोनाल्ड ग्रिफिन नावाचा जीवशास्त्राचा एक विद्यार्थी पिंजऱ्यात वटवाघळं घेऊन त्यांच्याकडे गेला. पिंजरा यंत्रासमोर धरला मात्र, ध्वनिवर्धकातून खडखडाट सुरू झाला. स्पालानझानीच्या खोलीतली ती 'शांतता' माणसाने पहिल्यांदा ऐकली. मधे १४४ वर्षं गेली होती.

तरीही दोघांनी पहिल्या लेखात हात राखूनच लिहिलं. कारण वटवाघूळ खोलीत मोकळं उडू लागलं की यंत्र बहुतेक वेळा गप्प बसायचं. पुढे कळलं की वटवाघळाचा आवाज विजेरीच्या झोतासारखा समोरच्या दिशेलाच जातो आणि यंत्राचा कर्णाही एकाच दिशेचं ऐकतो. दोघांची तोंडं समोरासमोर आली तरच गाठ. मग ग्रिफिनने रॉबर्ट गॅलम्बॉस या दुसऱ्या विद्यार्थ्याला जोडीला घेतलं. छतापासून तारा लोंबत सोडल्या, कुणाचे कान बंद केले, कुणाचं तोंड दोऱ्याने बांधलं. कान बंद केले की धडक. तोंड बांधलं तरी धडक. दोरा काढला की पुन्हा पूर्वीसारखं. आवाज सोडायचा आणि परत आलेला ऐकायचा, ही दोन्ही कामं वटवाघूळच करतं, हे त्यातून पक्कं झालं. गॅलम्बॉसने एका सभेत हे सांगितलं तेव्हा एका नामवंत शास्त्रज्ञाने त्याला खांद्यांना धरून गदागदा हलवलं. रडार आणि सोनार ही तेव्हा लष्कराची ताजी गुपितं होती, आणि हा पोरगा म्हणतोय की वटवाघूळ तेच करतं! गंमत म्हणजे त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये स्वेन डाइकग्राफ कोणत्याही यंत्राविना त्याच उत्तरापाशी पोचला होता. वटवाघळाच्या ओरडण्यासोबत येणारी अगदी बारीक टिकटिक त्याने नुसत्या कानांनी टिपली होती.

१९४४ मध्ये ग्रिफिनने या क्रियेला इकोलोकेशन हे नाव दिलं. तो शब्द त्याने तिघांना मिळून वापरला: वटवाघळं, रडार आणि अंध माणसं. त्या तिसऱ्याकडे नंतर येऊ.

आधी एक शिकार जवळून पाहू. वटवाघूळ भक्ष्य शोधत हिंडतंय. सेकंदाला दहाएक हाका देतंय, म्हणजे डोळ्यांच्या भाषेत दर सेकंदाला दहा फोटो. समोर १.७ मीटरवर एक कीटक आहे. हाक जाऊन परत यायला ३.४ मीटरचा प्रवास, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, १० मिलिसेकंद. कीटक ८५ सेंटिमीटरवर आला की ५ मिलिसेकंद. १७ सेंटिमीटरवर १ मिलिसेकंद. वटवाघूळ अंतर 'पाहत' नाही, ते हाक आणि प्रतिध्वनी यांच्यातला वेळ मोजतं. किती बारीक? दोन वस्तूंच्या अंतरात सेंटिमीटरभराचा फरक असेल तर प्रशिक्षित वटवाघळाला तो ओळखता येतो, असं अमेरिकेच्या जेम्स सिमन्सने १९७० च्या दशकात दाखवलं. हा फरक वेळेत मांडला तर सेकंदाच्या दहालाखाव्या भागांत सुमारे साठ भरतो.

आता अडचण पाहा. हाक स्वतः काही मिलिसेकंद चालते. कीटक जवळ आला की आधीची हाक संपायच्या आत तिचा प्रतिध्वनी दारात हजर, आणि स्वतःच्या ओरडण्यात तो बुडून जाणार. म्हणून वटवाघूळ जवळ जाईल तशी हाक आखूड करत जातं, शेवटी मिलिसेकंदाहूनही लहान. एका मिलिसेकंदाची हाक हवेत ३४ सेंटिमीटर लांब असते, हे लक्षात घेतलं की आखूड करण्याची निकड कळते. सोबत हाकांचा वेग वाढतो. झडप घालायच्या क्षणी काही जाती सेकंदाला दीडशेच्या वर, डॉबेंटन वटवाघूळ तर जवळपास १९० हाका देतं. यंत्रातून ऐकलं तर सुट्या टिकटिकीचा शेवटी एक लांबलचक 'झर्रर्र' होतो. यासाठी घशातले स्नायू तितक्याच वेगाने आखडून सैल व्हावे लागतात आणि सस्तन प्राण्यांत असे स्नायू फार थोडे आहेत.

आणि स्वतःच्या किंकाळीने बहिरं न होण्याचं काय? कानात रिकिबीच्या आकाराचं एक नखाहून लहान हाड असतं, आपल्याही कानात असतं. त्याला जोडलेला स्नायू हाक देण्याच्या ऐन आधी हाड आवळून धरतो आणि कान तात्पुरता बोथट करतो. हाक गेली की स्नायू सैल, कान पुन्हा तीक्ष्ण, प्रतिध्वनीसाठी तयार.

नालाकृती नाकाच्या वटवाघळांची तऱ्हा आणखी वेगळी. ती तोंडाने नाही, नाकाने हाक देतात. नाकाभोवतालची ती विचित्र चामडी, जिच्यामुळे बिचाऱ्यांना कुरूप म्हणतात, ती खरं तर आवाजाचा झोत वळवायचं साधन आहे. त्यातल्या एका मोठ्या जातीचा कान साधारण ८३,००० हर्ट्झच्या अरुंद पट्टीत कमालीचा तीक्ष्ण असतो, त्याबाहेर साधारण. आता रुग्णवाहिका आपल्याकडे येताना तिचा भोंगा चढा लागतो, दूर जाताना उतरतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे. डॉप्लर परिणाम म्हणतात तो हाच. वटवाघूळ सेकंदाला ५ मीटर वेगाने पुढे उडत असेल तर समोरून येणारा प्रतिध्वनी सुमारे २,४०० हर्ट्झने चढतो आणि त्या तीक्ष्ण पट्टीबाहेर पडतो. यावर वटवाघूळ काय करतं? स्वतःची हाकच तेवढी खाली उतरवतं, म्हणजे प्रतिध्वनी बरोबर पट्टीत येऊन बसतो. जर्मनीच्या हान्स-उलरिश श्निट्सलरने १९६८ मध्ये हे दाखवून दिलं. या स्थिर सुरावर एखाद्या पतंगाच्या फडफडत्या पंखांनी उमटलेली थरथर लगेच उठून दिसते. निश्चल पानांच्या गर्दीत बसून कुणी पंख हलवतंय हे त्याला कळतं ते असं.

इतकं झाल्यावर पतंगांचा निभाव कसा लागत असेल? लागतो, कारण तेही ऐकतात. अनेक पतंगांच्या छातीच्या बाजूला कान असतात. त्यातल्या एका मोठ्या कुळाच्या कानात ऐकणाऱ्या पेशी किती, तर फक्त दोन. आपल्या कानात हजारो असतात. पण अमेरिकेच्या केनेथ रोडरने १९५० च्या दशकात पाहिलं की जीव वाचवायला या पुरतात. दूरची क्षीण हाक ऐकू आली की पतंग दिशा बदलून निघून जातो. हाक जवळची आणि जोरकस असेल तर गिरक्या घेत सरळ खाली कोसळतो. इथे भौतिकशास्त्र पतंगाच्या बाजूने आहे: त्याला एका दिशेने आलेला आवाज ऐकायचा असतो, वटवाघळाला जाऊन परत आलेला. म्हणून पतंगाला वटवाघूळ आधी कळतं. काही वाघ-पतंग पळतही नाहीत, उलट टकटकाट करतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'मी विषारी आहे, तोंड खराब करून घेऊ नकोस' असा. पण बर्थोल्डिया नावाचा एक पतंग इतक्या झपाट्याने टकटकतो की वटवाघळाचं अंतराचं गणितच बिघडतं आणि झडप चुकते; २००९ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध झालं. वटवाघळांच्या बाजूने बार्बास्टेल नावाची जात कुजबुजायला शिकली आहे. तिची हाक इतकी हळू की पतंगाला ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

एक गैरसमज वाटेत दूर करून टाकतो. वटवाघूळ आंधळं नसतं. एकाही जातीचं नाही. चौदाशेहून अधिक जातींमध्ये फळं खाणारी मोठी वटवाघळं तर प्रामुख्याने डोळे आणि नाकावरच चालतात. त्यांच्यात इकोलोकेशन जवळपास नाहीच. अपवाद गुहेत राहणाऱ्या रुसेट नावाच्या वटवाघळांचा. ती घशाने हाक न देता जिभेने 'टक्' करतात.

पाण्यात हेच काम दातांचे देवमासे आणि डॉल्फिन करतात. १९६० च्या आसपास केनेथ नॉरिसने एका डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी वाट्या बसवून पाहिलं. तिच्या पोहण्यात आणि वस्तू शोधण्यात काही बाधा आली नाही. गंगेतल्या डॉल्फिनच्या डोळ्यात तर भिंगच नसतं, गढूळ पाण्यात त्याला ते लागतही नाही. डॉल्फिन नाकाच्या मार्गात आवाज तयार करतो, कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून त्याचा झोत बांधतो, आणि प्रतिध्वनी ऐकतो तो खालच्या जबड्यातून. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने जात असल्यामुळे सगळं गणितही तितकं घाईचं. वटवाघूळ आणि डॉल्फिन यांचा नातेसंबंध फार लांबचा, दोघांनी ही विद्या आपापली कमावली. तरीही आतल्या कानातल्या प्रेस्टिन नावाच्या प्रथिनात दोघांमध्ये अनेक ठिकाणी सारखेच बदल झालेले आहेत, असं २०१० मध्ये आढळलं. मला स्वतःला उत्क्रांतीविषयी वाचलेल्या गोष्टींत ही विसरता येत नाही.

आता ग्रिफिनच्या यादीतला तिसरा. अंध माणसाला समोरची भिंत न चाचपता कळते, हे फार पूर्वीपासून नोंदलेलं आहे; फ्रान्सच्या दनी दिदरोने १७४९ मध्येच एका अंध गृहस्थाच्या या कसबाविषयी लिहिलं. कसं कळतं याचं प्रचलित उत्तर होतं: चेहऱ्याला जाणवतं. भिंत जवळ आली की कपाळाला, गालांना हलका दाब जाणवतो, असं अंध माणसं स्वतःच सांगत. या शक्तीला 'चेहऱ्याची दृष्टी' असं नावही पडलं होतं. ओळखीचं वाटतंय ना? कुव्हिएचे पंख आणि हे गाल, चूक तीच. यावेळी तर साक्ष खुद्द अनुभवणाऱ्याची होती.

स्वतः करून पाहा. डोळे मिटा, तोंडाने लांब 'श्श्श' असा आवाज काढत राहा आणि तळहात दोन फुटांवरून हळूहळू चेहऱ्याकडे आणा. हात जवळ येईल तसा 'श्श्श' बदलतो, कोंदट होत जातो. दुसऱ्या कुणाला त्याचा हात मधेच थांबवायला सांगितलं तरी थोड्या सरावाने ओळखता येतं. नियमित सराव केला तर डोळस माणसंही दहा आठवड्यांत जिभेच्या टकटकीवरून वस्तूचा आकार आणि वाट बऱ्यापैकी ओळखायला शिकतात. आणि वर्षानुवर्षं असं करणाऱ्या अंध व्यक्तींना प्रतिध्वनी ऐकवत मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा मेंदूचा एरवी दृष्टीसाठी राखलेला भाग कामाला लागलेला दिसला. २०११ चा हा अभ्यास.

पण चेहऱ्याचा निकाल त्याच्या कितीतरी आधी, १९४० च्या दशकात लागला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कार्ल डॅलनबाख आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी काही अंध आणि काही डोळे बांधलेल्या डोळस माणसांना एका लांब खोलीत भिंतीच्या दिशेने चालायला लावलं. बूट घालून कठीण जमिनीवर चालले तर भिंत लांबूनच कळली. गालिच्यावर नुसते पायमोजे घालून चालले तर ती फार जवळ गेल्यावर कळली. चेहरा जाड कापडाने पूर्ण झाकला तरीही भिंत कळत राहिली. कान घट्ट बंद केले आणि चेहरा उघडा ठेवला, तर सगळे भिंतीवर आदळले.

शेवटी त्यांनी माणसाला भिंतीपासूनच दूर नेलं. तो वेगळ्या, आवाजबंद खोलीत बसला, कानाला टेलिफोनचा रिसीव्हर. पलीकडच्या खोलीत प्रयोग घेणारा मायक्रोफोन धरून भिंतीकडे चालू लागला आणि त्याच्या पावलांचा आवाज तारेतून इकडे येऊ लागला. वाऱ्याची झुळूकही पोचणार नाही अशा बंद खोलीत बसलेल्या माणसाने तो आवाज ऐकत ऐकत सांगितलं, आता भिंत आली.